नदीकाठच्या गावातला अमेरिकन मास्तर

आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात दहावीतल्या एका मुलाने परवा प्रश्न टाकला. "सर, इंग्रजी शिकवायला खुद्द अमेरिकन मास्तर असता तर आम्हाला लवकर आली असती का हो?" वर्गात हशा पिकला. पण मुलगा गंभीर होता. वडील माथाडी कामगार, आई चार घरची भांडी करते, घरात इंग्रजीचे वारे नाही. मी पडलो बी. कॉम. झालेला कारकून. मला ताळेबंद जुळवता येतो, पण या प्रश्नाचे उत्तर जुळवता येईना. म्हणून मी त्याला एका खऱ्याखुऱ्या अमेरिकन मास्तराची हकीकत सांगितली. हा मास्तर चीनमधल्या शेतकऱ्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवायला गेला होता. तीच हकीकत आज आपल्यासाठी थोडी सविस्तर लिहीत आहे.

त्याचे नाव पीटर हेसलर. जन्म १९६९ चा, बालपण अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातील कोलंबिया गावात. वडील विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक. मुलगा आधी प्रिन्स्टन आणि मग ऑक्सफर्ड विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकला. एवढे शिकलेला माणूस मोठ्या पगाराच्या मागे लागला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण हा 'पीस कोअर'मध्ये भरती झाला. अमेरिकन तरुणांना दोन वर्षे गरीब देशांत सेवेसाठी पाठवणारी ही सरकारी संस्था अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली सुरू केली. माओंच्या काळात चीनमध्ये या संस्थेवर 'साम्राज्यवाद्यांचे हत्यार' म्हणून सडकून टीका होत असे. त्यामुळे १९९३ साली पहिले अठरा स्वयंसेवक चीनला गेले तेव्हा चिनी भाषेत संस्थेचे नावच बदलावे लागले. 'अमेरिका-चीन मैत्री स्वयंसेवक' असे निरुपद्रवी नाव ठरले. नाव बदलले की काम सोपे होते, हा अनुभव सरकारी कचेरीत बसणाऱ्या माझ्यासारख्याला नवा नाही!

१९९६ च्या ऑगस्टअखेर हेसलर आणि त्याचा सहकारी ॲडम मायर हे दोघे चोंगछिंगहून बोटीने यांगत्से नदीतून फुलिंग या गावी उतरले. पूर्वी हा भाग सिचुआन प्रांतात मोडत असे, १९९७ पासून तो चोंगछिंग महानगरात धरतात. आपल्या नाक्यावरच्या गाडीवर 'शेजवान' नावाने जे लालभडक मिळते, त्या नावाचा मूळ प्रांत हाच. मात्र तो पदार्थ तिकडच्या माणसाला दाखवला तर तो ओळखणार नाही, ती आपलीच कमाई! सिचुआनच्या खऱ्या जेवणात मिरचीबरोबर जीभ बधिर करणारे एक फळ असते. कोकणात बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ घालतात, त्याच कुळातले. चिपळूण-मालवणच्या आपल्या भगिनींना ते पटकन ओळखू येईल.

फुलिंग हे यांगत्से आणि वू या दोन नद्यांच्या संगमावरचे डोंगर-उताराचे गाव. शहरवस्ती सुमारे दोन लाख. रेल्वे नाही, रस्ते खराब. ये-जा मुख्यतः बोटीने. गावात वाहतुकीचा एकही सिग्नल नव्हता. सपाट जागा कमी, जिकडे पाहावे तिकडे पायऱ्याच पायऱ्या, म्हणून सायकलीही जवळजवळ नाहीत. माल वाहायला खांद्यावर बांबू टाकून दोन्ही टोकांना ओझी लटकवणारे हमाल. हे लोक शेतीत भागत नाही म्हणून खेड्यातून आलेले. या गावाची प्रसिद्धी कशासाठी, तर लोणच्यासाठी! मोहरीच्या जातीच्या एका भाजीचा गाठाळ बुडखा मीठ-तिखट लावून, दाबून मुरवतात. त्याला 'झाचाय' म्हणतात, आणि फुलिंगचा झाचाय साऱ्या चीनमध्ये जातो.

गावात अर्ध्या शतकात अमेरिकन माणूस राहायला आलेला नव्हता. दोघांना वू नदीच्या पलीकडे, शिक्षक महाविद्यालयाच्या आवारात खोल्या मिळाल्या. गच्चीतून खाली नदी आणि समोर सगळे शहर दिसे. दरमहा भत्ता हजार युआन, म्हणजे सुमारे एकशेवीस डॉलर. मी सवयीने हिशेब केला. त्या वेळच्या दराने आपले चार-सव्वाचार हजार रुपये होतात. अमेरिकेत एवढ्यात खोलीचे भाडेही सुटत नाही, पण फुलिंगमध्ये या पैशात तो आरामात जगत होता. त्याच्या आसपासचे कामगार त्याहून बऱ्याच कमी पैशात मुलेबाळे वाढवत होते, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. त्याचे त्या दोन वर्षांवरचे 'रिव्हर टाऊन' हे पुस्तक २००१ साली निघाले. माझी बरीचशी माहिती त्यातली.

आता रोजचे जगणे पाहा. हा गोरा माणूस शहरात उतरला की गर्दी जमे. पोरे मागे लागत, मोठी माणसे "लाओवाय, लाओवाय" म्हणून हाका मारत. लाओवाय म्हणजे परदेशी. कोणी मुद्दाम हेल काढून "हॅलोऽऽ" करी. तो काही खरेदी करायला थांबला तर त्याने काय घेतले, किती पैसे दिले, हे पाहायला वीस-तीस माणसे उभी! दोन वर्षे हे रोज. शहरात जाऊन आले की जीव थकतो, असे तो लिहितो. दुसऱ्याच्या नजरेचा भार कसा असतो हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. फरक एवढाच की त्याच्याकडे कुतूहलाने पाहत, आणि त्याच्या खिशात परतीचा पासपोर्ट होता. तोही हे जाणून होता. म्हणून त्याच्या लिखाणात कुरकुर असली तरी कांगावा नाही.

या गर्दीवर त्याने तोड काढली ती भाषेची. चिनी भाषेत त्याला 'ह वेइ' असे नाव मिळाले होते. महाविद्यालयातले दोन शिक्षक त्याला ठरावीक वेळी शिकवायला येत. अमेरिकन मास्तराची पद्धत अशी की विद्यार्थी चुकला तरी आधी "छान, छान" म्हणायचे आणि मग हळूच सुधारायचे. चिनी शिक्षिकेचा असला कारभार नव्हता. चूक झाली की लगेच "बूदुई!" बूदुई म्हणजे चूक. बरोबर आले तर काही नाही, पुढचे वाक्य. हा ऑक्सफर्डचा पदवीधर शब्द उच्चारतो आहे आणि समोरून "बूदुई", पुन्हा उच्चारतो, पुन्हा "बूदुई". सुरुवातीला त्याला संताप येई. पण काही महिन्यांत गावातल्या पाट्या वाचता येऊ लागल्या, मग वर्तमानपत्रातली वाक्ये. ज्या दिवशी त्याने शिक्षिकेला तिच्याच भाषेत बरोबर उत्तर दिले, त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांत तो माणूस ठरला.

एक गोष्ट मला फार आवडली. तो म्हणतो की पीटर हेसलर आणि ह वेइ ही जणू दोन वेगळी माणसे होती. पीटर शिकलेला, परीक्षा घेणारा. ह वेइ अडाणी, अडखळत बोलणारा, पण हसतमुख. लोक पीटरला बिचकत, ह वेइला मात्र हसून सगळे सांगत. आपल्यासमोर चुकणाऱ्या माणसाची कोणाला भीती वाटते?

परदेशात जाऊन तिथल्या भाषेत विरघळण्याची ही वाट आपल्याला अनोळखी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, चिनी भाषा शिकले, तिथल्या परिचारिकेशी लग्न केले आणि १९४२ साली जखमी सैनिकांची सेवा करता करता तिथेच वारले. त्यांच्यापुढे युद्ध होते, हेसलरपुढे फक्त वर्ग. पण भाषा दोघांनाही जिभेला फोड आणूनच शिकावी लागली.

महाविद्यालयाजवळ एका कुटुंबाचे छोटे खानावळवजा दुकान होते. नाव 'विद्यार्थ्यांचे घर'. तिथे हा जवळजवळ रोज जाई. तिखट रश्श्यात बुडवलेले मांसाचे पातळ मोदक, त्याला तिकडे 'छाओशौ' म्हणतात, ते खाई आणि बसून राही. मालक, मालकीण, आजी, लहान मुलगा, सगळ्यांच्या गप्पा ऐकत त्याचे चिनी पक्के झाले. मेजवान्यांचे मात्र वेगळे. महाविद्यालयाच्या मेजवानीत धान्याची कडक दारू, 'बायच्यू', पेल्यामागून पेला आग्रह करकरून पाजत. नाही म्हणणाऱ्याची टर उडवत. नव्या माणसाला नमवण्याची ती पद्धतच. शिक्षकांच्या संस्थेत हे चालावे याचे मला तरी नवल वाटले. पण आपल्याकडच्या काही कचेऱ्यांतल्या 'पार्ट्या' आठवल्या आणि मी गप्प बसलो.

खरा जीव आहे तो वर्गात. एका वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुले-मुली. बहुतेक सगळी सिचुआनच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांची. अनेकांच्या आईबापांना वाचताही येत नव्हते. त्या काळी चीनमध्ये बारा तरुणांत एकालाच पदविका-पदवीच्या शिक्षणाची दारे उघडत. त्यामुळे हे महाविद्यालय लहान असले तरी तिथे पोचलेले पोर म्हणजे सगळ्या गावाचा अभिमान. वसतिगृहाची खोली एक आणि राहणारी मुले सात-आठ. खोल्या थंड, कपडे मोजके. अंगलट किरकोळ, कारण लहानपणी पोटभर मिळालेले नाही. शिक्षण संपले की सरकार त्यांना गावाकडच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून नेमणार. आपल्याकडे पूर्वी डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत लागत, तसेच काहीसे. इंग्रजी वर्गासाठी प्रत्येकाने आपणच एक इंग्रजी नाव निवडलेले असे, शब्दकोशातून किंवा पुस्तकातून, आणि त्या नावांचा थाट काही औरच!

या मुलांना हेसलरने शेक्सपिअर शिकवला. तुम्ही म्हणाल, हमालाच्या पोराला शेक्सपिअर कशाला? मलाही आधी तसेच वाटले. पण मुलांना पाठांतराची सवय होती. चिनी जुन्या कविता तोंडपाठ, वृत्ताचा कान तयार. बाकावर बोटांनी ताल धरून त्यांनी इंग्रजी वृत्त पकडले. एका कवितेतल्या सुंदरीचे वर्णन करा म्हटल्यावर मुलांनी तिला सरळ चिनी करून टाकले. विलोच्या पानासारख्या भुवया, कांद्याच्या कोवळ्या देठासारखी निमुळती बोटे! परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे कुठेच बसत नाही, पण मास्तर खूश झाला. पुढे मुलांनी 'हॅम्लेट'चे प्रवेश करून दाखवले. रॉबिन हूड आजच्या चीनमध्ये आला तर काय करील, यावर निबंध लिहिले. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा हा माणूस क्रांतिकारक म्हणावा की कायदा मोडणारा, यावर वर्गात दोन तट पडले. ज्या देशाने क्रांती करून पुन्हा बाजार उघडला, तिथल्या मुलांना हा प्रश्न गोष्टीतला वाटला नाही.

सगळेच गोडीगुलाबीने झाले असे मात्र नाही. पाठ्यपुस्तकात अमेरिकेबद्दल वाटेल ते छापलेले असे. परदेशी शिक्षकांशी फार सलगी करू नका, अशी मुलांना ताकीद होती. राजकारणाचा एखादा नाजूक विषय निघाला की सगळा वर्ग मान खाली घाली. मास्तराला दिसत ती फक्त काळ्याभोर केसांची डोकी. दंगा नाही, विरोध नाही, नुसती शांतता. त्या शांततेपुढे हेसलर गोंधळून जाई. १९ फेब्रुवारी १९९७ रोजी तंग श्याओफिंग वारले, १ जुलैला हाँगकाँग चीनला परत मिळाले. त्या वर्षी अफूच्या युद्धाची उजळणी सगळीकडे चालू होती. इंग्रजांनी अफू लादून हाँगकाँग घेतले हा चिनी मुलांच्या मनातला जुना घाव. (त्यातली पुष्कळशी अफू आपल्या माळव्यात पिकून मुंबई बंदरातून जात असे, आणि मुंबईतल्या काही घराण्यांची श्रीमंती त्यावरच उभी राहिली. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात किती मुलांनी वाचले असेल?) या विषयावर हेसलर आणि त्याला चिनी शिकवणारी शिक्षिका यांच्यात खटकाही उडाला.

१९९७ सालच्या सुरुवातीला गावात वसंताच्या स्वागताची धावण्याची शर्यत झाली. हेसलरला धावण्याची सवय. त्याने नाव दिले आणि पहिला आला. गावाने कौतुक केले, पण एक परदेशी माणूस आपल्या पोरांना मागे टाकून गेला, ही बोचही होतीच. १९९८ साली, निघायच्या थोडे आधी, आठवण म्हणून दोघे बाजारात व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रण करत होते. गर्दी जमली. कोणीतरी ओरडले, हे आपली गरिबी टिपून नेताहेत. धक्काबुक्की सुरू झाली आणि दोघांना तिथून निघावे लागले. दोन वर्षे ज्या गावाला आपले म्हटले त्याच गावात! हेसलर यावर चिडून लिहीत नाही. गर्दीतल्या माणसांच्या बाजूनेही तो विचार करतो. आपल्या वस्तीत कोणी कॅमेरा घेऊन आला तर आपण तरी काय म्हणतो?

त्या गावाचे एक दुःख त्याने फार जवळून पाहिले. यांगत्सेच्या पात्रात फुलिंगजवळ 'पांढऱ्या बगळ्याची कपार' म्हणून एक लांब खडक होता. हिवाळ्यात पाणी उतरले की तो उघडा पडे. त्यावर बाराशे वर्षांपासून लोक नदीची नीचांकी पातळी कोरून ठेवत आले. तांग राजवटीतले कोरलेले मासे ही त्यातली जुनी खूण. मासे दिसले की पुढचे वर्ष सुगीचे, अशी समजूत. पण खालच्या बाजूला 'तीन दऱ्यां'चे प्रचंड धरण उभे राहत होते. नदीकाठचे रहिवासी आपली घरे बुडणार हे जाणून होते, तरी त्याबद्दल फारसे कोणी बोलत नसे. २००३ च्या जूनमध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. २०१० साली पातळी १७५ मीटरला पोचली. एकूण तेरा लाखांहून अधिक लोक हलवले गेले. कोयना आणि उजनीच्या धरणग्रस्तांना हा आकडा वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको. खडक आता पाण्याखाली आहे. तो पाहायला २००९ साली नदीच्या तळाशी संग्रहालय उघडले आहे.

हेसलर चीनमध्येच पत्रकार झाला. नंतर काही वर्षे इजिप्तमध्ये राहिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा सिचुआनमध्ये मास्तर म्हणून आला, या वेळी छंतू शहरात, सिचुआन विद्यापीठात. बरोबर पत्नी लेस्ली चँग, त्याही लेखिका, आणि नऊ वर्षांच्या जुळ्या मुली. मुलींना महागड्या आंतरराष्ट्रीय शाळेत न घालता साध्या चिनी प्राथमिक शाळेत तिसरीत घातले. सुमारे दोन हजार मुलांच्या शाळेत पाश्चात्त्य म्हणाव्यात अशा या दोघीच. वर्गात पन्नासहून अधिक मुले, आणि मुलींना चिनी जेमतेम. पालकांच्या मोबाइल गटावर दिवसभर सूचनांचा पाऊस. गृहपाठ, गणित, डबा, नखे कापली का! आपल्याकडच्या आया हे वाचून हसतील, कारण हा पाऊस आता आपल्याही घरात पडतो. पहिले काही महिने मुलींना कठीण गेले. मग त्या गणितातही इतरांबरोबर चालू लागल्या.

विद्यापीठातली मुले मात्र वेगळी होती. फुलिंगमध्ये जवळजवळ प्रत्येकाला भावंडे, इथे जवळजवळ सगळी एकुलती एक. फुलिंगची मुले खेड्यातली, ही शहरातली. शिक्षणाची दारेही रुंदावली होती. आता निम्म्याहून अधिक तरुण उच्च शिक्षणात. मुलांची उंचीसुद्धा वाढली. १९८५ नंतर चिनी तरुणांची सरासरी उंची सुमारे नऊ सेंटीमीटर वाढल्याचे पाहणीत आढळले आहे. पोटात दोन वेळचे गेले की पिढी कशी उभी राहते! पण या मुलांच्या मानेवर स्पर्धेचे ओझे आधीच्या पिढीपेक्षा जड होते, असे हेसलरचे निरीक्षण. आणि वर्गातले सगळेच बोलून दाखवता येत नव्हते. एकदा तर त्याने एका निबंधावर लिहिलेल्या शेऱ्यांवरून इंटरनेटवर त्याच्याविरुद्ध ओरड झाली.

२०२० साली कोरोना आला. वर्ग संगणकावर गेले. त्याच वर्षी पीस कोअरचे चीनमधले काम बंद झाले. सत्तावीस वर्षांत तेराशेहून अधिक अमेरिकन तरुण तिथे शिकवून गेले होते. २०२१ साली हेसलरचा करार विद्यापीठाने वाढवला नाही, आणि उन्हाळ्यात कुटुंब अमेरिकेला परतले. या दुसऱ्या मुक्कामावरचे त्याचे 'अदर रिव्हर्स' हे पुस्तक २०२४ साली निघाले.

फुलिंगची जुनी मुले आता पन्नाशीची झाली. हेसलर त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवून आहे. त्यांना प्रश्नावल्या पाठवून घर, पगार, मुलेबाळे यांची नोंद करतो. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला हे फार भावले. त्यातली बहुसंख्य मंडळी शिक्षकच राहिली. ज्यांच्या आईबापांना अक्षर येत नव्हते ती आज स्वतःच्या घरात राहतात, अनेकांच्या दारात मोटार आहे. त्यांचे महाविद्यालय नव्या जागी गेले, २००६ साली त्याचे नाव बदलले. गावात रेल्वे आली, पूल झाले, सिग्नलही आले.

मी एवढे सगळे सांगून थांबलो तेव्हा तो मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, त्या मास्तरालापण रोज चुका काढून घ्याव्या लागल्या." मी हो म्हणालो. त्यानंतरच्या आठवड्यात फळ्यावर घाईत 'कमिटी'चे इंग्रजी स्पेलिंग लिहिताना माझा एक टी राहिला. मागच्या बाकावरून चार-पाच आवाज एकदम आले, "बूदुई, सर!"